पेशींची पकड सुटते तेव्हा



'पेशींची अनियंत्रित वाढ म्हणजे कर्करोग' असे आपण विज्ञानाच्या तासाला शिकतो. हे बरोबर आहे, पण अपुरे आहे. कितीतरी गाठी वाढतात पण आपली जागा सोडत नाहीत, आणि अशा साध्या गाठींपासून सहसा जिवाला धोका नसतो. स्तनाच्या कर्करोगाने होणारे बहुतेक मृत्यूसुद्धा स्तनातल्या गाठीमुळे होत नाहीत. तिथून निघालेल्या पेशी हाडांत, फुफ्फुसांत, यकृतात किंवा मेंदूत जाऊन वाढतात, त्यामुळे ते होतात. म्हणजे खरा प्रश्न असा, की एका जागी राहणारी पेशी तिथून उठतेच कशी?

हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता नाही. भारतातील स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. २०२२ साली आपल्या देशात याचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार जणी दगावल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे.

दोन प्रकारची पकड

दहीहंडीचा थर डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक गोविंदा शेजाऱ्याचा खांदा घट्ट धरतो आणि पायाने खालचा आधार पकडून उभा राहतो. दोन्ही पकडी टिकल्या तरच थर टिकतो. स्तनातल्या दुग्धनलिकांच्या अस्तरातील पेशीही अशाच एकमेकींना धरून असतात. अस्तराच्या खाली प्रथिनांचा एक पातळ पापुद्रा असतो, त्याला आधारपटल म्हणतात.

पेशीला हातपाय नाहीत. पकडण्याचे काम तिच्या पृष्ठभागावरची काही प्रथिने करतात. ही प्रथिने बाहेरचा निरोपही आत पोहोचवतात, म्हणून त्यांना ग्राही किंवा रिसेप्टर म्हणतात. शेजारच्या पेशीला धरणारे प्रथिन म्हणजे ई-कॅडहेरिन. कॅडहेरिनांचा शोध जपानचे शास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांनी लावला. कॅल्शियम असेल तरच ही पकड टिकते. आधाराला धरून ठेवणारी प्रथिने म्हणजे इंटेग्रिन. हे नाव अमेरिकेतील रिचर्ड हाइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली दिले. माणसाच्या शरीरात इंटेग्रिनचे २४ प्रकार आहेत.

इंटेग्रिनचे एक टोक पेशीबाहेर असते आणि दुसरे आत, पेशीच्या सांगाड्याशी जोडलेले. त्यामुळे ते पेशीचा पायही आहे आणि कानही. 'तू योग्य जागी आहेस, थांब' हा निरोप याच वाटेने आत जातो. बहुतेक निरोगी अस्तर-पेशी आधारापासून सुटल्या तर स्वतःहून मरतात. ही शरीराने केलेली एक सुरक्षाव्यवस्थाच आहे.

पेशी घुसते कशी?

कर्करोगाच्या पेशी आधारपटलाच्या आत आहेत तोवर त्याला 'जागेवरचा कर्करोग' म्हणतात. या अवस्थेत उपचारांना फार चांगले यश येते. पुढे इंटेग्रिनचे प्रमाण, प्रकार आणि जागा बदलतात. पेशीला टिकवून धरणारी प्रथिनेच आता तिला चालायला मदत करू लागतात. कडा चढणारा माणूस पुढच्या खाचेत बोटे रोवतो, अंग वर ओढतो आणि मागचा पाय सोडतो. पेशीही तशीच पुढे नवी पकड घेते, मागची सोडते आणि सरकते. वाटेतले पटल विरघळवणारी विकरेही ती सोडते. पटल ओलांडले की पुढे रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या मोकळ्याच असतात.

पकडीला इतके महत्त्व का, हे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दाखवले. कॅलिफोर्नियातील बर्कली येथील प्रयोगशाळेत मीना बिसेल, व्हॅलरी वीव्हर आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी आधारपटलासारख्या मऊ जेलीत वाढवल्या. अपेक्षेप्रमाणे त्यांचे वेडेवाकडे पुंजके झाले. मग 'बीटा-१' या इंटेग्रिनला अडवणारे प्रतिपिंड त्यात घातले. त्याच पेशींनी आपली रचना बदलली आणि निरोगी ग्रंथीसारखे छोटे, गोल, नीटस गोळे तयार झाले. प्रतिपिंड काढताच पेशी पुन्हा बिघडल्या. जनुकांतील दोष सगळा वेळ तसाच होता, बदलला होता तो केवळ बाहेरून येणारा निरोप.

गोष्ट इतकी सरळ नाही

मग पकड सुटली की रोग पसरला, असे म्हणावे का? तसे नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अँड्र्यू इवाल्ड यांच्या गटाने २०१९ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की ई-कॅडहेरिन काढून टाकल्यावर कर्कपेशी आजूबाजूला जास्त घुसतात, पण त्यांतल्या पुष्कळशा मरतात आणि दूरच्या अवयवात नवी गाठ धरणे त्यांना जड जाते. म्हणजे बाहेर पडायला पकड सैल लागते आणि परक्या जागी तग धरायला तीच पकड उपयोगी पडते. म्हणूनच यावरचे औषध शोधणे अवघड आहे. इंटेग्रिनला अडवणारी काही औषधे हृदयविकारात आणि आतड्याच्या दाहात वापरली जातात, पण स्तनाच्या कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारात असे औषध अजून आलेले नाही.

घरी सांगण्यासारखे

या सगळ्यातून एक गोष्ट आजच उपयोगी पडणारी आहे. स्तनाच्या कर्करोगाचा 'लोब्युलर' नावाचा एक प्रकार आहे. शंभरात दहा ते पंधरा रुग्णांमध्ये तो आढळतो. त्यात बहुधा ई-कॅडहेरिन नाहीसे झालेले असते. एकमेकींचा हात सुटल्यामुळे पेशी मुंग्यांसारख्या एकामागून एक रांगेने पसरतात. त्यामुळे कित्येकदा हाताला गोटीसारखी गाठ लागतच नाही आणि मॅमोग्राफीतही तो निसटू शकतो. तेव्हा केवळ गाठीची वाट पाहत बसू नये. स्तनाचा एखादा भाग जाड किंवा घट्ट लागणे, त्वचेवर खळी पडणे, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे, काखेत गाठ लागणे यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टरांना दाखवावे. दुखत नाही म्हणून थांबू नये, कारण सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

तपासणीसाठी मोठे यंत्रच हवे असेही नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासणी करत. तिथे रोग लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले.

हा लेख घरी आई, आजी, काकू, मावशी यांना वाचून दाखवा. या विषयावर बोलायला आपल्याकडे संकोच वाटतो. पण पेशींची पकड सुटण्याआधी रोग गाठायचा, तर आधी हा संकोच सोडायला हवा.