केळनाकाठच्या तोफा

सप्टेंबर १८०३ च्या तिसऱ्या आठवड्यात भोकरदनपासून जाफराबादपर्यंतचा केळना नदीचा पट्टा म्हणजे एक लांबलचक छावणीच झाला होता. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांचे घोडदळ, बाजारबुणगे, बैलांवर धान्य वाहणारे लमाणांचे तांडे आणि शिंद्यांच्या कवायती पलटणी, असा सगळा पसारा तिथे उतरला होता. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने असईच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी धाडलेल्या खलित्यात जाफराबादचे नाव येते ते याच संदर्भात. केळना भोकरदनवरून असईच्या अंगाने वाहत येते आणि जाफराबादेत पूर्णेला मिळते. असई जाफराबादहून सरळ रेषेत पंधरा किलोमीटरच्या आत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे विज्ञान आणि तंत्र म्हटले की वॉटचे वाफेचे यंत्र, १८०० सालची व्होल्टाची विद्युतघटमाला, जेन्नरची देवीची लस ही यादी डोळ्यांपुढे येते. ती आपल्याकडे उशिरा पोहोचली आणि म्हणून आपण हरलो, अशी समजूत शाळेपासून पक्की झालेली असते. केळनाकाठचा पुरावा मात्र वेगळे सांगतो. त्या काळच्या युद्धतंत्रातली अगदी ताजी वस्तू इथे आलेली होती, आणि ती इंग्रजांच्या नव्हे, शिंद्यांच्या गोटात होती.

दौलतरावांच्या आधी महादजी शिंद्यांनी १७८४ पासून द बॉयन या परक्या सेनानीच्या हाताखाली कवायती फौज उभी केली. तिच्यासाठी आग्र्याला तोफा ओतल्या जात. ते काम सँग्स्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराकडे होते. तोफखान्याचे वेड मराठ्यांना त्याआधीपासूनच होते. पेशव्यांचा तोफखाना पानसे घराण्याने पिढ्यान्पिढ्या सांभाळला. पण उत्तरेतल्या या कारखान्यांतून निघणारा माल वेगळ्या जातीचा होता. असईच्या बारा दिवस आधी, ११ सप्टेंबरला, लॉर्ड लेकने दिल्लीजवळ शिंद्यांची दुसरी फौज हरवली. तिथे हाती लागलेल्या तोफांची इंग्रज तोफखान्याच्या अधिकाऱ्यांनी तपासणी केली. तोफा मथुरेत आणि उज्जैनीत ओतलेल्या, मापे बहुतेक फ्रेंच, आणि घडण कंपनीच्या कोणत्याही कारखान्याच्या तोडीची, असा त्यांचा अभिप्राय पडला. शत्रूच्या मालाची अशी तारीफ सरकारी कागदात सहसा सापडत नाही, म्हणून ती मोलाची.

त्या तपासणीतले दोन बारकावे मला लढाईच्या साऱ्या वर्णनांपेक्षा बोलके वाटतात. पहिला नेम धरण्याच्या आट्यांच्या स्क्रूचा. जुन्या तोफेचे तोंड वर-खाली करायला बुडाखाली लाकडी पाचर ठोकत. तोफ उडाली की धक्क्याने पाचर सरके आणि पुढचा नेम पुन्हा पहिल्यापासून लावावा लागे. स्क्रूवर बसवलेली तोफ हव्या त्या उंचीवर जवळपास तशीच टिकते. एकदा अंतर सापडले की मारा त्याच जागी चालू राहतो. शिंद्यांच्या तोफांना हे स्क्रू होते, आणि तेही नव्या फ्रेंच धर्तीचे. दुसरा बारकावा असा की काही तोफांची आतली नळी लोखंडाची आणि तिच्यावर पितळ ओतलेले होते. पितळी धातू चिवट असतो, सहसा फुटत नाही, पण सततच्या माऱ्याने तापून नळीचे तोंड झिजते. लोखंड झिजत नाही, मात्र अचानक फुटते आणि शेजारी उभ्या गोलंदाजाचा बळी घेते. एकाची खोड दुसऱ्याने झाकायची, हा विचार ओतशाळेत उभे राहून केलेला आहे. अशी जोडतोफ बिनचूक ओतणे सोपे नाही. दोन धातू तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात.

२३ सप्टेंबरच्या दुपारी असईच्या रणात अशा शंभराच्या आसपास तोफा उभ्या होत्या. त्यांच्या मागे साडेदहा-अकरा हजार कवायती पायदळ आणि सेनापती पोहलमन हा जर्मन. वेलस्लीकडे तोफा थोड्या होत्या, आणि त्या ओढणारे बैल पहिल्याच माऱ्यात पडले. ते बैल म्हैसूरच्या अमृतमहालचे. टिपूच्या पाडावानंतर हे खोंड कंपनीकडे आले होते आणि त्यांच्या लांब पल्ल्याच्या चालीवर वेलस्लीची सगळी मोहीम बेतलेली होती. त्या काळच्या कुठल्याही यंत्राइतकेच ते महत्त्वाचे होते, असे म्हणायला हरकत नाही. बैल गेल्यावर त्याने आपल्या तोफा मागेच सोडल्या आणि पायदळाला संगिनी सरसावून सरळ शिंद्यांच्या तोफांवर घातले.

पुढचे वर्णन इंग्रजांनीच लिहून ठेवले आहे. मराठ्यांचे गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत. जागेवर कापले गेले. काहींनी मेल्याचे सोंग घेतले आणि इंग्रजी पलटण पुढे गेल्यावर उठून तोफा फिरवून तिच्या पाठीवर डागल्या. त्याआधी पोहलमनने आपली सबंध रांग काटकोनात वळवून नव्या दिशेला उभी केली होती. भर रणात अशी कवायत करणे वेलस्लीला अपेक्षितच नव्हते. दिवस मावळेपर्यंत इंग्रजांची पंधराशेंहून जास्त माणसे मेली किंवा जखमी झाली. नुसते मेलेलेच चारशेंवर. शिंद्यांच्या ९८ तोफा पकडल्या गेल्या. पितळी तोफा किती सुरेख आहेत, याचे कौतुक वेलस्लीने पत्रांतून केले.

मग फरक कुठे पडला? माझे मत असे की तो तोफेच्या भोवती पडला, तोफेत नाही. १८०३ च्या ऑगस्टअखेर कंपनीने जाहीरनामा काढला की शिंद्यांची नोकरी सोडून येणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांना कंपनी पोसेल. अनेकजण गेले. उत्तरेचा मुख्य सेनापती पेराँ तर सप्टेंबरच्या सुरुवातीलाच इंग्रजांच्या आश्रयाला गेला. ओतशाळा होती, पण तिचे ज्ञान पगारी परक्यांच्या डोक्यात होते. पगार थांबला किंवा दुसरीकडे जास्त मिळाला की ते घोड्यावर बसून निघून जाई.

आता गंमत पाहा. इंग्रजांकडेही त्या दिवशी धड माहिती नव्हती. शत्रूचे घोडदळ चहूकडे फिरत असल्याने वेलस्लीचे स्वतःचे हरकारे पुढे जाऊ शकत नव्हते. आसपासच्या लोकांनी सांगितले, फौज भोकरदनला आहे. तो भोकरदन गावाचे अंतर धरून बसला. सांगणाऱ्यांच्या बोलण्यात भोकरदन परगणाही येत होता. नळणीजवळ मुक्काम टाकून दुसऱ्या दिवशी, वेगळ्या वाटेने येणाऱ्या कर्नल स्टीव्हन्सनसोबत हल्ला करायचा बेत होता. प्रत्यक्षात शत्रू सहा मैलांवर निघाला. लगेच लढायचे ठरले, तर नदीला उतार कुठे? वाटाड्यांनी छातीठोक सांगितले की इथे उतार नाही. वेलस्लीने पाहिले की केळनेच्या या काठाला पिंपळगाव आणि त्या काठाला वरूड अगदी समोरासमोर आहे. दोन गावे अशी वसली असतील तर लोक येत-जात असणारच, म्हणजे उतार असणारच. तो होता. फौज पलीकडे गेली. ह्या तर्काचे कौतुक इंग्रजी पुस्तकांत फार झाले, पण एक गोष्ट झाकली जाते: ज्याच्याजवळ नकाशा असतो त्याला असा तर्क करावा लागत नाही.

नकाशाची ही उणीव भरून काढायचे काम त्याच वेळी दक्षिणेत सुरू होते, आणि त्याला वेलस्लीचाही हातभार होता. विल्यम लँब्टन हा त्याच्याच ३३ व्या पलटणीतला अधिकारी. १७९९ च्या श्रीरंगपट्टण मोहिमेत रात्रीच्या कूचवेळी फौज चुकून शत्रूच्या दिशेने चालली आहे, हे त्याने आकाशातल्या ताऱ्यांवरून ओळखले होते. युद्ध संपताच त्याने भूमापनाची योजना मांडली आणि वेलस्लीने तिची शिफारस केली. १० एप्रिल १८०२ ला मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पहिली पायारेषा मोजायला घेतली गेली: सुमारे साडेसात मैल, रॅम्स्डेनच्या शंभर फुटी पोलादी साखळीने. ती साखळी मुळात चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून गेलेली आणि नाकारली गेलेली. कॅरीने बनवलेला, कोन मोजणारा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट लंडनहून येताना फ्रेंचांच्या हाती लागला, मॉरिशसला गेला आणि तिथल्या फ्रेंच गव्हर्नरने तो मद्रासला परत पाठवला. त्या काळी वैज्ञानिक उपकरणाला युद्धातही थोडी आब होती.

१८०८ मध्ये हा थिओडोलाइट तंजावरच्या मोठ्या देवळाच्या गोपुरावर चढवताना दोर सुटून आदळला आणि त्याची मोठी चकती वाकली. लँब्टनने नवा मागवला नाही. तंबूत बसून, लाकडी खुंट्या आणि पाचरी लावून, काही आठवड्यांत त्याने चकती सरळ केली. तंजावरवर तेव्हा भोसल्यांचे सर्फोजी राजे होते. मराठी बोलणारा हा राजा स्वतः शास्त्रांचा शौकीन. नेत्रविकारांवरच्या उपचारांच्या नोंदी ठेवणारा आणि १८०५ च्या सुमारास नागरी अक्षरांचा छापखाना उभारणारा. त्या काळच्या मराठी राज्यकर्त्यांत पद्धतशीर नोंदीचे मोल इतके ओळखलेला दुसरा मला दिसत नाही. पण तंजावरचे राज्य १७९९ च्या तहानेच कंपनीकडे गेले होते. त्याच्या हाती राहिला किल्ला, दरबार आणि ग्रंथालय.

लँब्टनच्या मोजणीची साखळी कन्याकुमारीकडून ७८ अंश रेखांशाच्या आसपास उत्तरेला सरकत राहिली. बीदरजवळ दमरगिद्दा इथे १८१५ मध्ये पायारेषा मोजली गेली. जाफराबाद ह्या साखळीच्या सुमारे दोनशे किलोमीटर पश्चिमेला येते. १८२३ च्या जानेवारीत लँब्टन हिंगणघाटला वारला. तिथेच त्याची कबर आहे. त्याचा वारस एव्हरेस्टने ते काम वऱ्हाडातून पुढे उत्तरेला नेले. म्हणजे शिंदे-भोसल्यांची फौज लोकांच्या बोलण्यावर शोधावी लागली त्यानंतर वीस-बावीस वर्षांत शेजारच्या वऱ्हाडातली टेकडी न् टेकडी कोनांत बांधली जात होती. ह्या पाहणीचा पगार चुकला नाही, माणूस मेला तरी हिशेबाच्या वह्या पुढच्याकडे गेल्या. आग्र्याच्या ओतशाळेला हेच मिळाले नाही.

डिसेंबर १८०३ च्या सुर्जी अंजनगावच्या तहाने अजिंठ्याच्या डोंगराखालचा शिंद्यांचा मुलूख, जालन्यासकट, हातचा गेला आणि निजामाकडे आला. मराठवाड्याच्या पुढच्या सव्वाशे-दीडशे वर्षांची दिशा तिथे ठरली.

शिंद्यांची तोफ ओतण्याची कला मात्र असईने संपली नाही. ग्वाल्हेरात ती चालूच राहिली. चाळीस वर्षांनी, २९ डिसेंबर १८४३ ला, महाराजपूरच्या लढाईत ग्वाल्हेरचे गोलंदाज पुन्हा तोफांपाशी उभे राहून मेले आणि इंग्रजांचे शेकडो लोक त्यांनी लोळवले. ह्या वेळीही तोफा पकडल्या गेल्या. त्यांचा धातू कलकत्त्याला नेऊन वितळवला आणि त्यातून जिंकलेल्या सैन्यासाठी तारेच्या आकाराची पदके ओतली.