कवी जेव्हा वर्गात शिकवतो



आपल्या वऱ्हाडात एक म्हण घरोघरी ऐकू येते : "आडात नाही तं पोहऱ्यात कुठून येईन?" शिकवण्यालाही ती लागू पडते. कविता शिकवणाऱ्याने स्वतः कविता लिहिलेली असली, चित्र शिकवणाऱ्याचे हात रंगाने भरलेले असले, तर वर्गात नेमका काय फरक पडतो? आणि असा शिक्षक मिळाला म्हणजे सगळं साधलं का? अमरावती-अकोल्याची उदाहरणं घेऊन हे समजून घेऊ.

विठ्ठल वाघ : बोली हाच अभ्यासाचा विषय

अकोला जिल्ह्यातले कवी विठ्ठल वाघ महाराष्ट्राला माहीत झाले ते मुख्यतः तिफणीच्या गाण्यामुळे. 'अरे संसार संसार' (1981) या चित्रपटातून ते गाणं गावोगावी पोचलं. पण हे कवी पेशाने मराठीचे प्राध्यापक. पुढे ते अकोटच्या श्री शिवाजी महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले. त्यांनी संशोधनासाठी विषय निवडला तो वऱ्हाडी म्हणींचा. म्हणजे ज्या बोलीत कविता लिहिली, तीच बोली विद्यापीठाच्या अभ्यासात आणली. कलावंताचं काम शिकवण्यात कसं उतरतं, याचा हा पहिला प्रकार : निर्मितीतून अभ्यास.

याचा आपल्या लेकरांशी काय संबंध? खूप आहे. खेड्यातून कॉलेजात आलेला पोरगा "मले समजलं नाही" म्हणतो आणि वर्ग हसतो. दुसऱ्या दिवसापासून तो बोलायचंच बंद करतो. आता त्याच्या बोलीकडे नीट पहा. प्रमाण मराठीतला 'ळ' वऱ्हाडीत अनेकदा 'य' होतो : काळी - कायी, डोळा - डोया. 'मला, तुला'चं 'मले, तुले' होतं. 'तो येत आहे' याला आपण 'तो येऊन राहिला' म्हणतो. वर दिलेल्या म्हणीत 'येईल'चं 'येईन' झालं. ह्या चुका नाहीत, नियम आहेत. बोलीत लिहिणाऱ्याला ते कानाने माहीत असतात, आणि तोच संशोधक असला तर ते फळ्यावर मांडूनही दाखवता येतात. मग हसणारा वर्ग वही काढून लिहायला लागतो.

शब्दांचंही तसंच. तिफन म्हणजे तीन फणांचं पेरणीचं अवजार. चाड्यात मूठ सोडायची, बी नळ्यांतून तिन्ही तासांत पडतं. पेरणी पाहिलेल्या पोराला हे शिक्षकापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्या तासाला त्यालाच उभं करून सांगायला लावा. कवितेची लय बैलांच्या चालीशी कशी जुळते, हे तो वर्गाला समजावून देईल.

डहाके आणि गणोरकर : शब्द पारखण्याची सवय

वसंत आबाजी डहाके आणि प्रभा गणोरकर हे दोघेही कवी आणि दोघेही मराठीचे प्राध्यापक. अमरावतीचं विदर्भ महाविद्यालय, म्हणजे 1923 साली सुरू झालेलं जुनं किंग एडवर्ड कॉलेज, आणि पुढे मुंबईचं एल्फिन्स्टन महाविद्यालय इथे त्यांनी शिकवलं. डहाके यांना 'चित्रलिपी' या संग्रहासाठी 2009 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 2012 च्या चंद्रपूर साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ते चित्रंही काढतात.

पण शिक्षक म्हणून आपल्याला महत्त्वाचं आहे ते दोघांचं कोशकार्य. साहित्यातल्या संज्ञा-संकल्पनांचा कोश आणि संक्षिप्त वाङ्मयकोश यांच्या संपादनात दोघांचाही वाटा आहे. एम.ए.चे विद्यार्थी आजही ते कोश उघडतात. हा दुसरा प्रकार : कवितेसाठी लागलेली शब्द पारखायची सवय विद्यार्थ्याच्या हातातलं साधन होते.

बेंद्रे : काम करताना दिसणं

तिसरा प्रकार चित्रकलेत स्पष्ट दिसतो. इंदूरचे मराठी चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे 1950 साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या नव्या ललित कला विभागात शिकवायला गेले आणि 1966 पर्यंत तिथे राहिले. ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख हे त्यांचे विद्यार्थी. दोघांची चित्रं बेंद्रे यांच्या चित्रांची नक्कल वाटत नाहीत, एकमेकांसारखीही वाटत नाहीत. चांगल्या कलावंत-शिक्षकाची खूण हीच.

धोका कुठे आहे?

कलावंत असला की आपोआप चांगला शिक्षक, असं मात्र नाही. काही जण तासभर स्वतःच्याच रचना ऐकवतात. काहींना आपल्यासारखं लिहिणारा विद्यार्थीच हुशार वाटतो. शिवाय गुण त्यांच्याच हातात, म्हणून पोरं मान डोलावतात. यावर साधा उपाय आहे : पूर्ण झालेली कविता ऐकवण्याऐवजी तिचा खोडलेला मसुदा दाखवावा. हा शब्द का काढला, ही ओळ का जमली नाही, हे सांगावं. पूर्ण कवितेपुढे विद्यार्थी फक्त मान डोलावतो, खाडाखोडीपुढे प्रश्न विचारतो.

दुसरी अडचण पदवीची. 'धग' (1960) सारखी कादंबरी लिहिणारे उद्धव शेळके अभ्यासक्रमात असतात, पण असा लेखक प्राध्यापक म्हणून नेमायचा तर कागदपत्रं आडवी येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही वाट उघडली. आपल्या क्षेत्रात किमान 15 वर्षं काम केलेल्या नामवंत व्यक्तीला ठरावीक मुदतीसाठी नेमता येतं, पीएच.डी.ची अट नाही. अशा जागा मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपर्यंतच. अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झालं आहे. लीळाचरित्राशी नातं सांगणाऱ्या त्या गावात भारूड म्हणणारा, दंडार करणारा कलावंत श्रोता म्हणून येईल की शिक्षक म्हणून, हा आपण सगळ्यांनी विचारायचा प्रश्न आहे.

आपण काय करू शकतो?

शिक्षकांनी : मुलांना आजी-आजोबांकडून प्रत्येकी पाच म्हणी लिहून आणायला सांगा, जशा बोलल्या तशाच. त्यांतले ध्वनीचे नियम मुलांनाच शोधू द्या. वर्षातून एकदा गावातला कुंभार, भजनी किंवा कवी बोलवा, पण सत्कारासाठी नाही, कामासाठी. त्याने काम करावं, मुलांनी विचारावं.

पालकांनी : घरी "मले" म्हणणाऱ्या लेकराला रागावू नका. प्रमाण भाषा त्याला शिकायचीच आहे, परीक्षेत लिहायचीच आहे. पण त्यासाठी घरची भाषा टाकावी लागत नाही. विठ्ठल वाघ दोन्ही भाषा वापरूनच कवी झाले, आणि प्राचार्यही.