दोन खेळ, एक विश्व?

किन्हीराजासारख्या गावीही सांप्रत हा वाद चालतो : ‘हाफ-लाइफ’ (१९९८) आणि ‘पोर्टल’ (२००७) या संगणकीय विज्ञानक्रीडांचे विश्व एकच काय? माझा नातू ‘होय’ म्हणतो, आणि त्याजपाशी पुरावा आहे. ‘हाफ-लाइफ’च्या २००७ मधील भागात ‘बोरिआलिस’ नामक नाहीशा झालेल्या जहाजाची वार्ता येते. जहाज ‘अपर्चर’ संस्थेचे. ती संस्था तर ‘पोर्टल’मधली! पुढे ‘पोर्टल २’मध्ये (२०११) त्याच जहाजाची रिकामी गोदी दिसते. दोहोंची कर्ती ‘व्हॉल्व्ह’ कंपनीच, म्हणून हे नाते मी मानतो. निराळ्या कर्त्यांचे खेळ केवळ नामसादृश्यावरून जोडणे मात्र मला रुचत नाही. कर्ता एक असूनही घोटाळा होतोच. ज्यूल व्हर्नच्या दोन कादंबऱ्यांत कॅप्टन निमोचे सन जुळत नाहीत. ‘बोरिआलिस’वर होते तरी काय, हे कर्त्यांनी खेळात अद्याप दाखविलेले नाही, त्यावरून आम्हां आजोबा-नातवांची रोज रात्री जुंपते.