घरातील चित्रपटगृह आणि ऐकू येणारा शब्द



स्मरणिकेत धान्याच्या व्यापाऱ्याने बाजारभाव, वाहतूक अगर वजनमापे यांवर लिहावे असा प्रघात आहे. यंदा तो मोडून मी एका घरगुती खरेदीविषयी लिहीत आहे. बेगमबाजार, गौलीगुडा, काचीगुडा येथील जुनी घरे सोडून आपले कित्येक सभासद सदनिकांत राहावयास गेले आहेत. नव्या दिवाणखान्यात मोठा दूरचित्रवाणी संच आला की त्यामागोमाग ‘होम थिएटर’ हा शब्दही येतोच. चित्राची चिकित्सा सारे घर मिळून करते. आवाजाची परीक्षा मात्र खोक्यावरील आकडा वाचून होते. आम्हीही तसेच केले आणि फसलो.

तीर्थरूप बाबांचे वय ८७ आहे. हैदराबादचे डेक्कन रेडिओ केंद्र १९५० साली आकाशवाणीच्या ताब्यात गेले, त्यापूर्वीचे दिवस त्यांना आठवतात. एका घरच्या रेडिओभोवती सारी गल्ली जमे आणि एका कर्ण्यातून निघालेला शब्द न् शब्द ओसरीवर बसलेल्या माणसास समजे, असे ते सांगतात. आपल्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात, त्यामुळे संध्याकाळ लांबलचक असते. त्या वेळी चार पिढ्यांनी एकत्र बसून काही पाहावे-ऐकावे, या हेतूने मी पहिला संच आणला. खोक्यावर ५,००० वॅट असे ठळक छापले होते. पहिल्याच दिवशी तावदाने थरथरली, नातवंडे नाचली आणि बाबा म्हणाले, “अरे, आवाज येतो, पण शब्द येत नाहीत.” मी तो दोष त्यांच्या वयाचा मानला व आवाज आणखी चढविला. खालच्या मजल्यावरून तक्रार आली. बाबा मात्र काही न बोलता आतल्या खोलीत जाऊन बसू लागले. दोन-तीन महिने हे असेच चालले, आणि कोणाच्या ते विशेष लक्षातही आले नाही, याची मला आजही खंत वाटते.

उलगडा चिरंजीवांनी केला. त्यांनी यंत्राची पाठ फिरवून तेथील पत्रा दाखविला. हे यंत्र वीज किती घेते याचा आकडा तेथे लिहिलेला असतो. तो होता ८० वॅट. गिरणीत टाकले त्याहून अधिक पीठ कसे पडेल? खोक्यावरचा मोठा आकडा ‘पी.एम.पी.ओ.’चा, म्हणजे क्षणमात्र उसळीचा असतो, आणि तो मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नाही. सलग मिळणारी शक्ती ‘आर.एम.एस.’ या नावाने सांगतात, तीच विचारावी. आपल्या वाडवडिलांच्या काळी गावोगावचा मण निराळा असे. १९५८ पासून दशमान वजने आली, तेव्हा ते भांडण मिटले. ध्वनिसंचाच्या बाजारात मात्र अजून मण निराळेच आहेत.

वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होतो हाही एक भ्रम आहे. दुप्पट शक्तीने केवळ ३ डेसिबल वाढतात, ते कानास जेमतेम जाणवतात. कानास दुप्पट वाटावा इतका आवाज हवा असेल तर सुमारे दहापट शक्ती लागते. त्यापेक्षा स्पीकरची संवेदनशीलता पाहावी. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल मिळतात, हा तो आकडा. ८७ डेसिबलच्या स्पीकरहून ९० डेसिबलचा स्पीकर निम्म्या शक्तीत तेवढाच वाजतो. दिवाणखान्याच्या मापास प्रामाणिक ५० वॅटसुद्धा पुष्कळ होतात.

आता शब्दांविषयी. ‘५.१’ म्हणजे समोर डावा, मधला व उजवा असे तीन, बाजूस अगर किंचित मागे दोन, आणि ठोक्यांच्या खर्ज आवाजासाठी एक सबवूफर. चित्रपटातील संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरमधून येतात. स्वस्त संचांत नेमका तोच सर्वांत लहान असतो, आणि किमतीचा मोठा भाग सबवूफरच्या पेटीवर खर्च होतो, कारण दुकानात गिऱ्हाईक धडधडाटाला भुलते. त्यातच वाढत्या वयात प्रथम क्षीण होतात ते उंच स्वर. स, श, त, फ यांसारखी व्यंजने उंच स्वरांवरच ओळखू येतात. स्वरवर्ण ऐकू येतात, व्यंजने निसटतात आणि वाक्याचा अर्थ हरवतो. बाबा म्हणत होते ते अक्षरशः खरे होते. आवाज चढविल्याने खर्ज तेवढा वाढला आणि उरलीसुरली व्यंजनेही त्याखाली गाडली गेली.

दुसरी खरेदी बाबांना सोबत नेऊन केली. कोठीच्या गुजराती गल्लीत अशी दुकाने ओळीने आहेत. तेथे नेहमी विमानांचे व स्फोटांचे दृश्य लावून दाखवितात. पोत्याच्या तोंडाशी रचलेला माल पाहून आपण सौदा करीत नाही. मधे परखी खुपसून दाणा काढतो. तसाच आमचा नमुना आम्ही घरूनच नेला होता : महाराजसाहेबांच्या एका प्रवचनाचे ध्वनिमुद्रण आणि प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’. बाबा डोळे मिटून बसले. तीन संच नाकारले, चौथ्याला मान हलविली. तो दिसण्यात सर्वांत साधा होता, पण त्याचा मधला स्पीकर डाव्या-उजव्याच्या तोडीचा होता.

त्या काळचे बोलपट एकाच मार्गावर मुद्रित झालेले आहेत. सहा पेट्या लावल्या तरी त्यांतून सहा निराळे आवाज निघत नाहीत. जुने चित्रपट, कीर्तने, नाट्यगीते हेच ज्या घरी अधिक ऐकले जाते तेथे समोरचे तीन चांगले स्पीकर घ्यावेत, उरलेले मागाहून. खोली लहान असेल तर मधला मार्ग स्वतंत्र असलेली एक उत्तम ध्वनिपट्टी पाच निकृष्ट पेट्यांहून केव्हाही बरी. ज्या डॉल्बी नावाची छाप प्रत्येक खोक्यावर असते, ते रे डॉल्बी १९६५ साली लंडनमध्ये आपली संस्था काढण्यापूर्वी युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात काम करून गेले होते, हे अनेकांस ठाऊक नसेल.

संच चांगला असूनही घरी आणल्यावर प्रथम तो दुकानातल्यासारखा वाजेना. दोष दिवाणखान्याचा होता. तांडूरच्या फरशीची जमीन, काचेची मोठी खिडकी, उघड्या भिंती. टाळी वाजविली की तिचा प्रतिध्वनी घुमे. सौ.नी जाड सतरंजी अंथरली, खिडकीस दुहेरी पडदा लावला, आणि एका भिंतीशी पुस्तकांचे कपाट हलविले. एवढ्या खर्चात झालेली सुधारणा हजारो रुपयांनी झाली नसती. मधला स्पीकर कपाटात खोल कोंबू नये. त्याचे तोंड बैठकीच्या कानांच्या उंचीकडे वळवावे. बैठक मागील भिंतीस चिकटवू नये, कारण तेथे खर्ज साचतो. यंत्रात मधल्या स्पीकरची पातळी स्वतंत्र वाढविण्याची सोय असते. आम्ही ती ३ डेसिबलने वाढविली आणि सबवूफर तेवढाच उतरविला.

सदनिकेत राहणाऱ्यांनी सबवूफरविषयी अधिक सावध राहावे. ८० हर्ट्‌झच्या ध्वनीची लहर सुमारे १४ फूट लांब असते, ती पडद्याने अडत नाही, भिंतीतून व जमिनीतून शेजाऱ्याकडे जाते. पेटीखाली जाड रबर घालावे व ती सामाईक भिंतीपासून दूर ठेवावी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ व रात्री १० नंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि खासगी ध्वनिसंचाचा आवाज आपल्या हद्दीवर त्याहून ५ डेसिबलपेक्षा अधिक जाऊ नये. बहुतेक यंत्रांत रात्रीसाठी एक बटण असते, त्याने धमाके दबतात व संवाद टिकतात. आमच्याकडे ते आता दिवसाही चालू असते. नवे घर बांधणाऱ्यांनी गिलाव्यापूर्वीच तारांच्या नळ्या भिंतीत टाकून घ्याव्यात, नाही तर माझ्यासारखे छताखालून पट्ट्या मारत बसावे लागते.

बाबा पुन्हा दिवाणखान्यात बसतात. परवा त्यांनी प्रवचनातील एका गाथेचा उच्चार चुकल्याचे दाखवून नातसुनेशी वाद घातला, आणि गाथासंग्रह काढून पाहिला तो तेच बरोबर होते.

पहिला संच उस्मानगंजच्या गोदामात झाकून ठेवला आहे. कोणा सभासदास हवा असल्यास वाजवी भावाने देईन. खोक्यावरील आकड्याची हमी मात्र माझ्याकडे मागू नये.