पास झालेली गाडी सुरक्षित असते का?

काही वर्षांपूर्वी अकरावीच्या वर्गाची सहल घेऊन आम्ही घाट उतरून कोकणात चाललो होतो. बस भाड्याची होती. अर्धा घाट उतरल्यावर चालकाने बस कडेला घेतली. क्लीनरने उडी मारून चाकांपुढे दगड लावले. जळक्या लायनरचा वास येत होता. ‘ब्रेक तापलेत, अर्धा तास थांबावं लागेल,’ असे सांगून चालक झाडाखाली जाऊन बसला. मुले खाली उतरली. त्यांतल्या एका मुलीने काचेवर चिकटवलेला योग्यता प्रमाणपत्राचा तपशील वाचला आणि मला विचारले, ‘सर, या गाडीचं पासिंग चारच महिन्यांपूर्वी झालंय. मग ब्रेक असे कसे? आणि असंच होणार असेल, तर दरवर्षी पासिंग करायचा उपयोग काय?’

प्रश्न रास्त होता. त्या दिवशी मी तिला अर्धेच उत्तर दिले. उरलेले अर्धे आज देतो.

नियम काय सांगतो?

आपल्या देशात मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे बस, ट्रक, टॅक्सी, रिक्षा अशा भाड्याने चालणाऱ्या वाहनांना योग्यता प्रमाणपत्र लागते. यालाच आपण बोलीत ‘पासिंग’ म्हणतो. नव्या वाहनाला ते दोन वर्षांसाठी मिळते. वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी त्याची तपासणी होते. घरच्या मोटारीला किंवा स्कूटरला मात्र पहिली पंधरा वर्षे ही तपासणी नाही. नंतर ती दर पाच वर्षांनी होते.

ब्रिटनमध्ये घरच्या मोटारीलाही सूट नाही. तेथे १९६० साली दहा वर्षांहून जुन्या मोटारींची तपासणी सुरू झाली. १९६७ पासून ही मर्यादा तीन वर्षांवर आणली गेली. मोटार तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी करावीच लागते. म्हणजे तेथे जी मोटार बारा वेळा तपासली जाईल, ती आपल्याकडे तेवढ्या काळात एकदाही तपासली जाणार नाही! यात बरोबर कोण? हे ठरवण्यासाठी आधी तपासणीत मोजतात काय, ते पाहू.

ब्रेकचे गुण

तपासणी केंद्रात जमिनीत बसवलेल्या रुळांवर गाडीची चाके उभी करतात. यंत्र रूळ फिरवते, रुळांबरोबर चाक फिरते. मग चालक ब्रेक दाबतो. चाकाला थांबवणारे बल किती, हे यंत्र प्रत्येक चाकासाठी वेगळे मोजते. सर्व चाकांवरील बलांची बेरीज करून तिला गाडीच्या वजनाने भागले, की ब्रेकची कार्यक्षमता मिळते. न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने हे गुणोत्तर म्हणजे मंदन भागिले गुरुत्वीय त्वरण. ब्रिटनमध्ये मोटारीला यात किमान ५० टक्के गुण लागतात. सप्टेंबर २०१० नंतर रस्त्यावर आलेल्या मोटारींना ५८ टक्के.

आता एक उदाहरण सोडवू. दोन मोटारी ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर वेगाने शेजारी शेजारी जात आहेत. पहिलीचे मंदन ७ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे (कार्यक्षमता ७१ टक्के), तर दुसरीचे ४ (४१ टक्के, म्हणजे नापास). दोन्ही चालकांनी एकाच क्षणी ब्रेक दाबले. वेगाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट, या सूत्राने पहिली मोटार सुमारे २० मीटरवर थांबेल, तर दुसरी सुमारे ३५ मीटरवर.

पंधरा मीटरचा फरक, एवढ्यावर थांबू नका. जेथे पहिली मोटार उभी राहिली, तेथे दुसरीचा वेग किती असेल, तेही काढा. उत्तर येते ताशी सुमारे ३९ किलोमीटर! त्या जागी एखादे मूल रस्ता ओलांडत असेल, तर पहिली मोटार त्याच्यापुढे थांबेल आणि दुसरी त्याला ३९च्या वेगाने धडकेल.

शिवाय डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक सारखे नसतील, तर गाडीवर आघूर्ण निर्माण होते आणि ती एका बाजूला ओढली जाते. रोजच्या हलक्या ब्रेकमध्ये हे पायाला जाणवत नाही. ओल्या रस्त्यावर एकदम ब्रेक दाबावा लागला, की कळते. रुळांच्या यंत्राला ते आधीच कळते. तपासणीच्या बाजूने यापेक्षा चांगला पुरावा कोणता हवा?

पण अपघात कमी होतात का?

येथे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने सावध व्हावे. तपासणीने ब्रेक सुधारतात, हे एक विधान झाले. तपासणीने अपघात कमी होतात, हे दुसरे. पहिले खरे असले म्हणून दुसरे आपोआप खरे ठरत नाही. त्यासाठी प्रयोगच करायला हवा.

असा प्रयोग नॉर्वेमध्ये झाला आणि त्याचे निष्कर्ष १९९२ साली प्रसिद्ध झाले. २,०४,००० मोटारी घेऊन त्यांचे यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, तीन गट केले. ४६,००० मोटारींची तीन वर्षे दरवर्षी तपासणी केली, ४६,००० मोटारींची तीन वर्षांत एकदाच, आणि उरलेल्या १,१२,००० मोटारींची मुळीच केली नाही. चार वर्षे अपघातांची नोंद ठेवली. तपासलेल्या मोटारींची यांत्रिक स्थिती खरोखरच सुधारलेली आढळली. परंतु अपघातांच्या प्रमाणात तिन्ही गटांमध्ये फरक दिसला नाही!

असे का व्हावे? एक शक्यता आपल्याच उदाहरणात आहे. ४१ टक्केवाल्या मोटारीचा चालक ताशी ६०ऐवजी ४५ने गेला, तर तीही २० मीटरमध्येच थांबते. ब्रेक कमी लागतो हे ज्याला ठाऊक आहे, तो माणूस बहुधा जपूनच चालवतो. दुसरे कारण असे की, वाहनातील दोषामुळे होणारे अपघात मुळातच थोडे असतात. अमेरिकेत २००५ ते २००७ या काळात अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली गेली. अपघाताच्या साखळीतील शेवटचे निर्णायक कारण वाहनात असल्याचे सुमारे २ टक्के अपघातांत आढळले, आणि त्यांतही टायरचा वाटा ब्रेकपेक्षा मोठा होता. मात्र ‘शेवटचे कारण’ या शब्दांकडे नीट पाहा. टायर गोटा झालेला असताना पावसात गाडी घसरली, तर नोंद ‘चालकाचा ताबा सुटला’ अशीही होऊ शकते. तेव्हा २ टक्के हा आकडा काहीसा कमी असू शकेल, पण तो ५० टक्के नक्कीच नाही.

अमेरिकेतील अनेक राज्यांनी घरच्या मोटारींची सक्तीची तपासणी याच विचाराने सोडून दिली. न्यू जर्सीने २०१० साली ती बंद केली आणि टेक्सासने १ जानेवारी २०२५ पासून. टेक्सासने व्यापारी वाहनांची तपासणी मात्र चालूच ठेवली आहे. हा भेद का केला असेल?

ट्रक आणि बसची गोष्ट वेगळी

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एका अभ्यासाचे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले. एखाद्या मोठ्या ट्रकला अपघात झाला की बरोबर एक आठवड्याने त्याच ठिकाणी, त्याच वेळी जाणारे तीन ट्रक थांबवून तपासायचे आणि अपघातातल्या ट्रकशी त्यांची तुलना करायची, अशी ही पद्धत होती. त्यामुळे रस्ता आणि वेळ दोन्हींकडे सारखीच राहिली. ब्रेकमध्ये दोष असलेल्या जोडट्रकना अपघाताचा धोका दोष नसलेल्यांच्या सुमारे दीडपट होता.

याचे भौतिकशास्त्र आमच्या सहलीच्या बसमध्येच आहे. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत उतार सुमारे ५०० मीटरचा आहे. १५ टन वस्तुमानाची बस तेथून उतरते, तेव्हा तिची स्थितिज ऊर्जा सुमारे ७ कोटी ३५ लाख जूलने कमी होते. वेग वाढू द्यायचा नसेल, तर ही सगळी ऊर्जा उष्णतेत घालवावी लागते. एवढ्या उष्णतेने २५ अंश सेल्सियसचे सव्वादोनशे लिटरहून अधिक पाणी उकळीला येईल! खालच्या गिअरमध्ये उतरले, तर यातला मोठा भाग इंजिन घेते. तसे केले नाही, तर तो ब्रेकच्या लायनरवर आणि ड्रमवर पडतो. लायनर फार तापला की त्याचा घर्षणगुणांक उतरतो आणि पेडल कितीही दाबले तरी ब्रेक लागत नाही. तपासणी केंद्रात मात्र ब्रेक थंड असतात आणि जमीन सपाट!

दुसरी गोष्ट झिजेची. समजा, बस दिवसाला २०० किलोमीटर धावते आणि घरची मोटार २०. वर्षाकाठी बसचे ७३,००० किलोमीटर होतात, मोटारीचे सात हजार. लायनर पंचांग पाहून झिजत नाही, अंतर पाहून झिजतो. म्हणून मोटारीचे एका वर्षापूर्वीचे मापन आजही बरेचसे खरे असते, तर बसचे चार महिन्यांपूर्वीचे मापनही शिळे झालेले असू शकते.

तिसरी गोष्ट माणसांची. घरच्या मोटारीत चालवणारा स्वतः बसलेला असतो आणि ब्रेकची जाणीव त्याच्या पायाला असते. बसमध्ये मागे बसलेल्या चाळीस जणांना काहीच कळण्याचा मार्ग नसतो. दुरुस्तीचा खर्च मालकाचा आणि धोका त्यांचा, असा हा मामला आहे. त्यांच्या वतीने कोणीतरी तिऱ्हाइताने ब्रेक मोजलाच पाहिजे.

मग उत्तर काय?

घरच्या मोटारीची दरवर्षी सक्तीची तपासणी केल्याने अपघात घटतात, याला बळकट पुरावा नाही. दहा लाख मोटारींना प्रत्येकी अर्धा तास लागला, तरी पाच लाख तास खर्ची पडतात. ते कशासाठी, हे विचारायलाच हवे. याचा अर्थ पंधरा वर्षे गाडीकडे पाहूच नये, असा मात्र नव्हे. युरोपीय संघाने मध्यम मार्ग धरला आहे: मोटारीची पहिली तपासणी चार वर्षांच्या आत आणि नंतर निदान दर दोन वर्षांनी. मात्र बस आणि मोठ्या ट्रकची तेथेही दरवर्षीच. मला हा भेद योग्य वाटतो. बससाठी तर वर्षाची तपासणी हा कमीत कमी उपाय आहे. ती यंत्राने मोजून व्हावी आणि दोन तपासण्यांच्या मधल्या काळात मालकाने व चालकाने रोज पाहणी करावी.

विद्यार्थिमित्रांनो, एक पाहणी तुम्हालाही करता येईल. मोटारीच्या टायरच्या खाचांमध्ये तळाशी ठिकठिकाणी १.६ मिलिमीटर उंचीचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, की तो बदलायची वेळ झाली. मोजपट्टी घ्या, घरच्या आणि शेजारच्या मोटारींच्या खाचा मोजा आणि तक्ता करा. गाडी उभी असताना आणि मोठ्या माणसाला सांगूनच हे करा.

त्या दिवशी चालकाला जळका वास वेळीच आला. अर्ध्या तासाने त्याने खालचा गिअर टाकला आणि बस सावकाश उतरवली. तेव्हापासून सहलीची बस ठरवताना मी काचेवरचा तपशील वाचतोच, पण आणखी तीन गोष्टी विचारतो: लायनर कधी बदलले, टायर कसे आहेत आणि आदल्या रात्री चालकाची झोप झाली आहे का. शिक्षक बंधुभगिनींनीही त्या जरूर विचाराव्यात.