सुगंधी मेणबत्त्या घरी करताना: दमा असलेल्या घरासाठी

दिवाळी जवळ आली की यवतमाळकडेही काही घरांत मेणबत्त्या ओतल्या जातात. मेण, वात, साचे गावात नाही तर नागपूरच्या इतवारीत मिळतात. त्रास देतो तो सुगंध. बाटलीवर ‘मेणबत्तीसाठी’ असे लिहिलेले असावे. अंगाला लावायचा सेंट नको. त्यातले अल्कोहोल पेट घेते. लेबल नसलेली सुटी बाटली स्वस्त पडते, पण ती टाळाच.

बाटली हुंगून परीक्षा होत नाही, जळताना धूरही येतो. एकच छोटी मेणबत्ती करा आणि दम्याचा रुग्ण घरी नसताना, खिडकी उघडी ठेवून, तासभर जाळा. डोळे चुरचुरले, खोकला आला, काजळी धरली तर तो सुगंध सोडा. ‘नैसर्गिक’ तेलानेही दमा उसळू शकतो. धाप लागली तर मेणबत्ती विझवून मोकळ्या हवेत या, डॉक्टरांनी दिलेला इनहेलर घ्या. आराम नसेल तर १०८ ला फोन करा.

कापूर मुलांपासून दूर ठेवा, थोडा पोटात गेला तरी झटके येऊ शकतात.

मेण पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा. पेटलेच तर पाणी ओतू नका. गॅस बंद करून झाकण ठेवा. भाजल्यास २० मिनिटे वाहते गार पाणी. हळद, टूथपेस्ट नको, चिकटलेले मेण ओढू नका. चेहरा किंवा डोळा भाजला असेल तर लगेच रुग्णालय गाठा.