जर्मनींतील पीकरक्षण व बंदुकीवरील दुर्बिणीची निवड

पिकाचें रक्षण हें पेरणीइतकेंच शेतकीचें अंग आहे, ही गोष्ट रानडुकरांचा उपद्रव ज्यांनीं सोसला आहे त्यांस सांगावयास नको. हा उपद्रव आपल्याच रानाकांठच्या गांवांस आहे असें नाहीं. जर्मनींत जेथें मक्याचीं शेतें रानास लागून आहेत तेथें डुकरें पेरलेला दाणा ओळीनें उकरून खातात. आणि कणसांत दूध भरलें म्हणजे कळपचे कळप उभ्या पिकांत शिरून ताटें आडवीं करितात. २०२० सालच्या सप्टेंबरांत तेथील रानडुकरांत आफ्रिकन स्वाइन फीवर हा रोग प्रथम आढळला, तेव्हांपासून पाळीव डुकरांच्या मालकांसहि धास्ती लागली.

त्या देशांत शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीशीं जोडलेला आहे. लहान खातेदारांचा मिळून एक संघ असतो व तो हा हक्क बहुधा मक्त्यानें देतो. डुकरांनीं केलेल्या नासाडीची भरपाई संघाकडे, व करारांत तसें ठरलें असल्यास मक्तेदाराकडे येते. मात्र नुकसान कळल्यापासून एका आठवड्याचे आंत शेतकऱ्यानें त्याची वर्दी दिली पाहिजे. अर्थात् मचाणावरील शिकाऱ्याची गोळी वायां गेली तर त्याची झळ शेतकऱ्यास व कित्येकदां शिकाऱ्याच्या खिशासहि लागते.

हरणांसारख्या खुरी जनावरांवर रात्रीं गोळी झाडण्यास तेथील कायद्याची मनाई आहे. रानडुक्कर मात्र त्यास अपवाद आहे. डुकरें बाहेर पडतात तीं तिन्हीसांजेस किंवा चांदण्यांत. म्हणून दुर्बीण घ्यावयाची ती अंधुक उजेडाचा विचार करून घ्यावी लागते. जितके पट अधिक तितकी दुर्बीण चांगली, असा नवशिक्याचा समज असतो. तो येथें घातक ठरतो.

दुर्बिणीवर ८×५६ असे आंकडे असतात. पहिला आंकडा वस्तु किती पट मोठी दिसते तें सांगतो. दुसरा पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरांत सांगतो. दुसऱ्यास पहिल्यानें भागिलें म्हणजे डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी निघते. येथें ती सात मिलिमीटर होते. काळोखांत तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली सुमारें तितकीच उघडते, म्हणून ८×५६ ही दुर्बीण जर्मन मचाणावर फार दिवस मान्यता पावलेली आहे. १२×४२ घेतली तर झोत साडेतीन मिलिमीटरच राहतो. दिवसां तें चालेल, पण सांजेस चित्र मंद होतें. वय वाढलें म्हणजे बाहुली कमी उघडते, व उतारवयांत ती पुष्कळदां पांच मिलिमीटरांच्या आसपास थांबते. अशा मनुष्यास ८×४२ ही हलकी दुर्बीण जवळजवळ तितकाच उजेड देईल. जाड झोतासाठीं त्यानें अधिक पैसा व अधिक वजन कां सोसावें ?

भिंगाच्या लेपाकडेहि लक्ष द्यावें. साध्या कांचेच्या प्रत्येक पृष्ठावरून शेंकडा चार या प्रमाणांत प्रकाश परततो, आणि दुर्बिणींत अशीं पृष्ठें अनेक असतात. १९३५ सालीं त्साइस कारखान्यांतील अलेक्झांडर स्माकुला यांनीं पातळ लेप देऊन ही हानि कमी करण्याची रीति काढली. आज लेप सर्वच दुर्बिणींस असतो, परंतु त्याच्या गुणांत अंतर असतें. दुकानाच्या दिव्याखालीं तें कळत नाहीं. दोन-तीन दुर्बिणी घेऊन सांजेस एकाच झुडुपाकडे पाहावें. ज्या दुर्बिणींत फांदी शेवटपर्यंत ओळखूं येते ती उत्तम.

नेमरेषा फार बारीक असल्या तर काळोखांत नाहींशा होतात. तीन बाजूंस जाड दांडे व मध्यें बारीक फुली, अशी जुनी जर्मन योजना सोयीची आहे. मध्यें तांबडा ठिपका असल्यास तो अगदीं मंद करतां आला पाहिजे. नाहींतर त्याच उजेडानें डोळा दिपतो. डोळा भिंगापासून आठ-नऊ सेंटिमीटर दूर राहावा, नाहींतर बंदुकीच्या धक्क्यानें भुवई फुटते. दुर्बीण धरणाऱ्या कड्या घट्ट असाव्यात, आणि बंदूक पडली वा आपटली तर शंभर मीटरांवर नेम पुन्हा तपासल्याखेरीज मचाणावर जाऊं नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, बंदुकीवरील दुर्बीण शोध घेण्यासाठीं नव्हे. ती जिकडे वळते तिकडे नळीहि वळते, आणि मक्यांत हालणारी सांवली माणसाचीहि असूं शकेल. आधीं हातांतील दुर्बिणीनें जनावर ओळखावें. पिलें अंगावर असलेली डुकरीण मारण्यास तेथें मनाई आहे, म्हणून तिच्यामागें पिलें आहेत कीं काय हें पाहावें. गोळीच्या मागें जमीन आहे अशी खात्री करावी, आणि मगच बंदूक उचलावी. यांपैकीं एक जरी गोष्ट दिसत नसेल तर गोळी झाडूं नये. जखमी डुक्कर पिकांत दडतें व त्याचा माग काढणाऱ्याच्या जिवावर बेततें.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी आहे. उभ्या पिकाचा नाश करणाऱ्या रानडुकरावरहि अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवांचून बंदूक चालवितां येत नाहीं. तथापि अशी परवानगी मिळालेला मनुष्य आपल्या बांधावर येईल तेव्हां त्याची दुर्बीण किती पटींची आहे हें न विचारतां, अंधारांत त्यास काय स्पष्ट दिसतें हें शेतकऱ्यानें आधीं विचारावें.